सातबाऱ्यावरचा थोरला : लहान गावातील एकत्र कुटुंबाची पार्श्वभूमी

तालुक्याच्या किंवा आठवडी बाजाराच्या लहान गावातील माणसे आपल्या घराच्या जुन्या आठवणी सांगू लागली की बहुतेकांच्या तोंडून एकच चित्र उभे राहते. वीस-बावीस माणसांचे घर, एक चूल, ओसरीवर बसलेले थोरले आजोबा किंवा थोरले काका, बाजाराच्या दिवशी त्यांच्याच कनवटीतून सुटणारे पैसे, आणि ‘आमच्यात कधी वाटणी झाली नाही’ हे अभिमानाने उच्चारलेले वाक्य. थोड्या वेळाने त्याच बोलण्यात दिवाणी न्यायालयातील दाव्याचा विषय निघतो आणि सांगणाऱ्याचा सूर बदलतो. एकाच घराबद्दलच्या या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात त्या एकाच व्यवस्थेच्या आधीच्या आणि नंतरच्या अवस्था आहेत. ही व्यवस्था चालीरीतीने जितकी घडवली तितकीच जमिनीच्या दप्तराने घडवली, आणि थोरल्याचे घरातील स्थान मायेइतकेच सातबाऱ्यावरील ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) या तीन अक्षरांवर उभे होते, या समजुतीने हे टिपण लिहिले आहे. ते मुख्यतः १९४८ नंतरच्या काळाचे आणि जुन्या मुंबई इलाख्यातील, विशेषतः पुणे, सातारा, सांगली या पट्ट्याचे आहे. मराठवाड्यातील निजामकालीन दप्तर आणि विदर्भातील मालगुजारी यांचा मार्ग निराळा असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

फार मागे जाण्याची गरज नाही. वतनदारीच्या काळात हक्क घराण्याचा असे आणि त्याच्या तक्षिमा भावकीत पडत. पाटीलकीचा मान, होळीचा पहिला नैवेद्य, पोळ्याच्या बैलाचा क्रम यांचेही वाटे ठरलेले असत आणि त्यांवरून तंटेही होत. म्हणजे ‘पूर्वी सगळे एकत्र होते’ हे वतनी घरांबाबत तरी अर्धेच खरे आहे. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या मोजणी-आकारणीने जमिनीला नंबर दिले आणि प्रत्येक नंबराचा सारा भरण्यास जबाबदार असा खातेदार ठरवला. रयतवारीत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये कोणी नको होते, त्यामुळे कागदावर एक माणूस आवश्यक झाला. त्याच्यामागे किती भाऊ, किती चुलते आहेत याच्याशी सारा वसूल करणाऱ्याला कर्तव्य नव्हते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात सामावली गेली, आणि पुढे ज्याला आपण सातबारा म्हणतो त्याचा सांगाडा तयार झाला.

खरी उलथापालथ स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत झाली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि दप्तर पिढीजात कुलकर्ण्याकडून सरकारी पगारदार तलाठ्याकडे आले. १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतने आणि १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी संपली. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीमुळे या पट्ट्यातील अनेक ब्राह्मण कुटुंबांनी गाव सोडून शहर गाठले होते. त्यांच्या जमिनी कुळांकडे होत्याच. त्याच वर्षीच्या कूळकायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ हे मालक मानले गेले. त्यानंतर त्या कायद्याच्या कलम ३२ग ची चौकशी, खरेदीची किंमत, तिचे हप्ते आणि शेवटी कलम ३२म चा खरेदी-दाखला, हा प्रवास हजारो कुटुंबांनी केला. दाखला मात्र ज्याचे नाव कूळ म्हणून पीकपहाणीच्या नोंदीत लागलेले असे त्याच्या नावाने निघे, आणि ते नाव बहुधा घरातील वडीलधाऱ्याचे किंवा, वडील गेलेले असल्यास, थोरल्या मुलाचे असे. हप्ते कोणी भरले? एका भावाने औत धरले, दुसऱ्याने मुंबईहून मनीऑर्डर पाठवली, आईने म्हैस विकली. दाखल्यावर यांपैकी काहीच नोंदले गेले नाही.

गावातील रोजच्या जगण्यातही एकाच नावावर सारे चाले. विविध कार्यकारी सोसायटीचा सभासद थोरला, म्हणून पीककर्ज त्याच्या सहीने. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख तोच, म्हणून साखर, रॉकेल त्याच्या नावाने. पेठेतील कापडदुकानाच्या खतावणीत खाते त्याचेच, म्हणून धाकट्या भावाच्या बायकोचे लुगडेही त्याच पानावर लिहिले जाई आणि गूळ किंवा भुईमूग विकल्यावर एकदमच वळते होई. दुकानदाराला धाकट्याने परस्पर उधारी मागितली तर दुकानदारच विचारी, ‘दादांना विचारलंय का?’ या व्यवस्थेत सोय होती, हे नाकारता येत नाही. पत एकवटलेली असल्यामुळे लग्न, विहीर, बैलजोडी असे मोठे खर्च पेलता येत. तिची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही. धाकट्या जावांच्या हाती रोख पैसा येत नसे. कोंबडीची अंडी आणि शेण्या विकून जो पैसा येई तेवढाच त्यांचा, आणि तोही बाजारात गेलेल्या माणसाने प्रामाणिकपणे आणून दिला तर. कुटुंबाच्या आठवणी सांगताना हा भाग सहसा पुरुषांच्या तोंडून येत नाही.

थोरला कोण, हेही वाटते तितके सरळ नव्हते. घरातल्या घरात वय मोजण्याची साधने वेगळी होती: मानमोडीच्या साथीनंतरचा, पानशेत फुटले त्या पावसाळ्यातला, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी अंगावर पिणारा. शाळेच्या रजिस्टरला मात्र तारीख लागे. जूनमध्ये शाळा भरत असल्यामुळे मुख्याध्यापकाने मुलाकडे पाहून सहा वर्षे पूर्ण धरावी आणि १ जून लिहून मोकळे व्हावे, असा प्रघात पडला. त्यामुळे एकेका घरात तीन-तीन भावंडांचा वाढदिवस १ जूनला येतो, आणि एकाच वर्षी शाळेत घातलेले दोघे भाऊ कागदोपत्री जुळे ठरतात. वडील अकाली गेल्यास यातून व्यावहारिक अडचण उभी राही. सज्ञान मुलाचे नाव वहिवाटदार म्हणून लागे आणि अज्ञान भावांपुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालक कर्ता, असा शेरा पडून आईचे किंवा चुलत्याचे नाव येई. हे अज्ञान भाऊ पुढे सज्ञान झाले, नोकरीला लागले, निवृत्तही झाले, तरी शेरा तसाच राहिल्याची उदाहरणे या भागात वाटेल तितकी सापडतील.

आता मुख्य मुद्दा. खातेदार मयत झाला की चावडीत वारसांचे जबाब होत. त्यांची भाषा ठरून गेलेली होती: मयतास इतके मुलगे व इतक्या मुली वारस असून थोरला मुलगा कुटुंबाचा कारभार पाहतो, सबब त्याचे एकट्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल करण्यास इतरांची हरकत नाही. नमुना नऊची नोटीस लागे, हरकतीची मुदत सरे, मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मंजूर करत, आणि सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी एकच नाव येई. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही तालुक्यांत ए.कु.क., म्हणजे कर्ता, तर काही ठिकाणी ए.कु.पु., म्हणजे पुढारी. अक्षरे कोणतीही असोत, अर्थ एकच होता: जमीन याची एकट्याची नाही, हा फक्त सर्वांच्या वतीने उभा आहे.

तलाठ्याच्या दृष्टीने ही नोंद सुटसुटीत होती. सात नावांऐवजी एक नाव, सात सह्यांऐवजी एक सही, आणि साऱ्याची पावती फाडायला एक माणूस. कुटुंबाच्या दृष्टीनेही ती सोयीची होती, कारण नावे वेगळी लावणे म्हणजे फूट पडल्याची जाहीर कबुली, असे गाव मानत असे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यास आडकाठी केली होती, आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने नेमकी उलटी घाई निर्माण केली. मोठ्या बागायतदार घरांनी सीलिंग लागू नये म्हणून कागदोपत्री वाटण्या करून घेतल्या. म्हणजे ज्यांच्यात प्रत्यक्षात फूट नव्हती त्यांच्या कागदावर वाटण्या झाल्या, आणि ज्यांनी बांध घालून दहा वर्षे वेगवेगळी कसणूक केली त्यांचा कागद एकत्रच राहिला. लहान गावातील सामान्य घर या दुसऱ्या प्रकारातले. शेताला ते पिंपरणीचे, मळवी, टेकाखालचे अशा नावांनी ओळखत आणि कोणता पट्टा कोणाचा हे शेंबड्या पोरालाही माहीत असे. तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेनंतर कागदावर मात्र एक गट नंबर आणि त्यापुढे एक थोरला, एवढेच होते.

या नोंदीचे पुढे तीन मार्गांनी रूप बदलले. पहिला मार्ग लेखणीचा. हस्तलिखित सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहिला जाई. जुन्या पानावरून नव्या पानावर नाव उतरवताना नावामागची तीन अक्षरे गळत, आणि मॅनेजर असलेला माणूस एका रात्रीत मालक होई. महसुली भाषेत याला लेखनप्रमाद म्हणतात आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तो दुरुस्त करता येतो. अशा नक्कलचुका होतात हे खरेच. परंतु अक्षरे गळाल्यामुळे थोरल्याचे नुकसान झाले असे उदाहरण सहसा निघत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक प्रमाद एकाच पारड्यात पडतो तेव्हा त्याला निव्वळ प्रमाद म्हणणे जड जाते.

दुसरा मार्ग मृत्यूचा. ए.कु.मॅ. म्हणून नाव असलेला थोरला वारला की त्याच्या जागी मूळ खातेदाराच्या, म्हणजे वडिलांच्या, सर्व वारसांचा विचार व्हायला हवा. भाऊ, बहिणी आणि त्यांच्यापैकी जे हयात नसतील त्यांची मुले. पुष्कळ ठिकाणी मात्र तलाठ्याने मृत्यूचा दाखला पाहिला, थोरल्याची पत्नी आणि मुले विचारली, आणि तेवढीच नावे लावली. नोटीस चावडीवर लागली तेव्हा धाकटा भाऊ मुंबईत पाळीवर होता. तो गणपतीला गावी आला तेव्हा हरकतीची मुदत केव्हाच संपलेली होती, आणि सणाच्या घरात तो विषय काढणे शोभणारे नव्हते.

तिसरा मार्ग खरेदीचा. एकत्र असताना थोरल्याने शेजारचा गट आपल्या नावाने विकत घेतला, तर तो कोणाचा? हिंदू कायद्याप्रमाणे नुसत्या एकत्र राहण्यावरून मिळकत एकत्रातली ठरत नाही. नवी जमीन घेता येईल इतके उत्पन्न देणारी सामाईक मिळकत घरात होती हे हिस्सा मागणाऱ्याने दाखवावे लागते; ते दाखवले की मग ती स्वकष्टार्जित आहे हे सिद्ध करण्याचा बोजा थोरल्यावर, म्हणजे व्यवहारात त्याच्या मुलांवर, येतो. गूळविक्रीच्या पट्ट्या, सोसायटीची खाती आणि मनीऑर्डरच्या पावत्या यांना न्यायालयात जे मोल आले ते या नियमामुळे. मनीऑर्डरीच्या कूपनावर दोन ओळींची जागा असे. ‘विहिरीसाठी पाठवीत आहे’ एवढे वाक्य ज्याच्या कूपनावर होते आणि ज्याच्या घरात ते कूपन उंदरांपासून वाचले, त्याची बाजू चाळीस वर्षांनी भक्कम ठरली.

कायदा कागदावर अगदी स्पष्ट आहे. महसुली नोंद मालकी देत नाही आणि घेतही नाही; ती सारावसुलीसाठी आहे, असे न्यायालयांनी असंख्य वेळा सांगितले आहे. मात्र संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, आणि सारा व्यवहार या ‘होईपर्यंत’मध्ये घडतो. बँक नोंद पाहते, खरेदीदार नोंद पाहतो, विहिरीला वीजजोड देणारे कार्यालय नोंद पाहते. कर्त्याला कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी मिळकत विकण्याचा अधिकारही असतो. म्हणूनच जुन्या खरेदीखतांत ‘मुलीचे लग्नकार्याकरिता व देणे भागविण्याकरिता’ असे शब्द भेटतात, आणि सावध खरेदीदार धाकट्या भावांच्या संमती देणार म्हणून सह्या घेई. ज्याने अशी सही दिली त्याने आपला हक्क मान्य करून घेतला आणि त्याच क्षणी सोडलाही. पुढच्या पिढीचे वकील त्या एका सहीचा दोन्हीकडून उपयोग करताना दिसतात.

मुदतीचा प्रश्नही असाच अवघड. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या माणसाला हिस्सा मागण्यासाठी मुदत कायद्याने १२ वर्षे दिली आहेत, ती वगळल्याचे त्याला कळल्यापासून. त्यामुळे दावा कित्येकदा जमिनीपेक्षा ‘कळले केव्हा’ यावर चालतो. दरवर्षी ज्वारीचे पोते, तांदळाची गोणी किंवा आंब्याची पेटी येत होती का, आणि ती कोणत्या वर्षी थांबली? भावाभावांतील मायेची खूण असलेले ते पोते उलटतपासणीत सामाईक वहिवाटीचा पुरावा बनते. थोरल्याची मुले म्हणतात की आम्ही ते प्रेमाने पाठवत होतो. धाकटा म्हणतो की तो माझा वाटा होता. दोघेही बहुधा खरे बोलत असतात.

या भागातील धाकट्या भावांच्या बाबतीत १९७२ चा दुष्काळ आणि १९८२ चा गिरणी संप या दोन घटना निर्णायक ठरल्या. दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि नालाबंडिंगच्या कामांवर घरेच्या घरे गेली, मिलोच्या भाकरी आणि सुकडीवर दिवस निघाले, आणि घरातील एक-दोन तरुण कायमचे मुंबई-पुण्याकडे सरकले. दहा वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने उलटा प्रवाह आला. गिरणीतील भाऊ बायकामुलांसह गावी परतला, तेव्हा ज्या शेतात त्याच्या पगारातून विहीर पडली होती तेथे तो पाहुणा होता. थोरल्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. उन्हातान्हात राबणारा तो, सोसायटीच्या जप्तीची नोटीस अंगावर घेणारा तो, आईबापांचे दुखणे काढणारा तो. त्याच्या मुलांनी शाळा सोडून औत धरले आणि पुतण्यांनी शहरात शिक्षण घेतले. हे हिशेब कोणत्याही नमुन्यात बसत नाहीत. तरीसुद्धा वरची तीन अक्षरे कायम राहिली असती, तर यातील निम्मी भांडणे घरातच मिटली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

बहिणींचा विषय या सगळ्यात कडेला ठेवला गेला, आणि दप्तरानेही तो अक्षरशः कडेला ठेवला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या वाट्यात वारस झाली, परंतु वारसनोंदीत भावांची नावे कब्जेदार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्क’ या सदरात लावण्याची पद्धत रूढ झाली. जेथे विहिरीचे पाणी, वाट आणि बोजे लिहितात, तेथे. बऱ्याच घरांत तेवढेही झाले नाही. ‘मला हिस्सा नको’ असा जबाब चावडीत अंगठ्यानिशी घेतला गेला, आणि नोंदणी नसलेल्या अशा जबाबाने स्थावरातील हक्क कायद्याने सुटत नाही हे ना बहिणीला माहीत होते ना भावाला. पुढे नोंदणीकृत हक्कसोडपत्राची चाल पडली. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला ओवाळणी देऊन दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेण्याचा प्रकार इतका सर्रास आहे की दिवाळीनंतरच्या आठवड्यातील तेथील गर्दीचे कोणाला नवल वाटत नाही. माहेर तुटू नये म्हणून सही देणाऱ्या बाईने काही मिळवले की गमावले, हे तिच्या भावांनी ठरवू नये एवढे तरी म्हणता येईल.

कायदे मात्र पुढे सरकत राहिले. राज्याच्या दुरुस्तीने २२ जून १९९४ पासून मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हिस्सेदार, झाली, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. परिणामी एकाच घरात त्या वर्षीच्या वैशाखात लग्न झालेली थोरली बहीण एका कायद्यात आणि मार्गशीर्षात लग्न झालेली धाकटी दुसऱ्या कायद्यात गेली. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून हा भेद काढला. त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असावे लागतात की नाही यावर पुढची पंधरा वर्षे उलटसुलट निकाल येत राहिले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तशी गरज नसल्याचे सांगितले. दरम्यान १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजनेने पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली होती. तिचा लाभ घेणारी घरे होती, परंतु ए.कु.मॅ. म्हणून नाव असलेल्या माणसाने पत्नीचे नाव लावताना भावांचे काय करायचे, हा प्रश्न तिच्यात सुटलेला नव्हता.

राहत्या घराचा इतिहास याहून कमी लिहिला गेला, कारण गावठाणातील घराला सातबाराच नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती, बहुतेक घरांना वर्षानुवर्षे एवढाच कागद होता. तो कराचा असतो, मालकीचा नव्हे. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली तरी घरपट्टी आणि विजेचे बिल त्यांच्याच नावाने येते, आणि यात कोणाला वावगे वाटत नाही, कारण नाव बदलायचे म्हटले की कोणाचे लावायचे हे ठरवावे लागेल. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यातील कलम २३ मुळे कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस मागत नाहीत तोवर स्त्री वारसांना मागता येत नसे. लग्न झालेल्या, नांदत्या मुलीला त्यात राहण्याचाही हक्क नव्हता. हे कलम २००५ मध्ये वगळले गेले. त्याआधीची वाटणी भिंतींनी केली. माजघराच्या मधोमध कच्च्या विटांची भिंत आली, देवघर थोरल्याकडे राहिले, परसातील आड सामाईक राहिला, आणि जोत्याच्या एकाच दगडी पायऱ्यांवरून तीन कुटुंबे तीन दारांत जाऊ लागली. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर पिढ्यानपिढ्या राहूनही नमुना आठवर नाव लागण्यासाठीच झगडावे लागले. त्यांच्या आठवणींत वाड्याचे चित्र नाही, आणि ‘लहान गावातील कुटुंब’ म्हणून जे लिहिले जाते त्यात ही घरे क्वचितच असतात.

२०१४ नंतर तालुक्याच्या मुख्यालयी असलेल्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती होऊ लागल्या. गावालगतच्या शेतांचे भाव चढले, बिनशेतीचे प्लॉट पडू लागले, राज्यमार्ग आणि महामार्ग रुंद झाले. भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरील नावाने येते, आणि मोबदल्याची रक्कम जाहीर झाली की ज्यांनी तीस वर्षांत गावाकडे पाहिले नव्हते तेही हरकतीचा अर्ज घेऊन येतात. त्यांना लोभी म्हणण्याची प्रथा आहे. परंतु यांपैकी पुष्कळांचे नाव मुळात लावलेच गेले नव्हते, हे त्या टीकेत येत नाही.

अलीकडच्या योजनांनी एका नावाची सोय उरलीसुरलीही संपवली. केंद्राच्या किसान सन्मान निधीत वर्षाला ६,००० रुपये मिळण्यासाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे ही अट होती, त्यामुळे ए.कु.मॅ. खाली असलेल्या भावांना, बांधावर स्वतः राबत असूनही, लाभ घेणे अवघड झाले. शेतकरी ओळख क्रमांकही ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यालाच मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीला मान दिला, आणि एकेकाळी थोरल्याच्या नावाने चालणाऱ्या कागदांपैकी पहिला कागद कायद्याने त्याच्याकडून गेला. शिधापत्रिका विभक्त, गॅसची जोडणी विभक्त, चूल विभक्त. फक्त सातबारा एकत्र.

२०२५ मध्ये महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ या नावाने मयत खातेदारांच्या वारसांची नोंद करण्याची मोहीम राज्यभर हाती घेतली, आणि पुढच्या टप्प्यात तगाई (सरकारी शेतीकर्ज), बंडिंगचे बोजे, अ.पा.क. आणि ए.कु.मॅ. असे कालबाह्य शेरे कमी करण्याचे ठरले. पहिल्या कामाबद्दल मतभेदाचे कारण नाही. दुसऱ्याबद्दल मात्र तलाठी, वकील आणि खातेदार यांच्यात एकवाक्यता नाही. तगाईचा फिटलेला बोजा काढणे आणि ए.कु.मॅ. हा शेरा काढणे या सारख्या गोष्टी नाहीत, कारण दुसऱ्या शेऱ्यामागे जिवंत माणसांचे हक्क उभे आहेत. शेरा काढताना मूळ फेरफार शोधून वडिलांच्या सर्व वारसांची नावे लावली, तर साठ-सत्तर वर्षे राहिलेले काम पूर्ण होते. नुसती अक्षरे पुसली, तर पूर्वी एकेका पानावर जे चुकून घडे ते हुकमाने घडते. मूळ फेरफार तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. १९५० च्या आधीचे बरेचसे मोडीत आहेत आणि काहींचे कागद हात लावताच तुटतात. अर्ज करणाऱ्याकडे फेरफाराचा क्रमांक असेल तर नक्कल मिळण्याची आशा असते. तो क्रमांक जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला असतो, आणि जुना हस्तलिखित सातबारा ज्या शाखेने जपून ठेवला आहे तिच्याकडेच बाकीच्या भावकीला तो मागायला जावे लागते.